अन्नप्रक्रिया कारखान्यात पाणी नेमकं मुरतंय कुठे?

गाळणी

पाणी वाचवायची बैठक बसली की दोन सूचना हमखास येतात. एक, आरओ (दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळणारी यंत्रणा) बसवून सांडपाणी फिरवा. दोन, नळांवर पाट्या लावा. या दोन टोकांच्या मधलं सगळं राहून जातं, ते या चर्चेच्या धाग्यावर गोळा करू या. रस, प्युरी, दूध, सॉस, डबाबंद पदार्थ, कशाबद्दलही लिहा, पण आकडा लिहा, कृती लिहा आणि काय बिघडतं तेही लिहा. माझे प्रश्न तीन: मोजायला कुठून लागायचं, सीआयपीत (यंत्रं न उघडता पाइप आणि टाक्या आतून धुण्यात) स्वच्छतेला धक्का न लावता किती कापता येतं, आणि कोणत्या पाण्याला पुन्हा हात लावायचा नाही?

पाणीमापक

पहिल्या प्रश्नावर लिहितो. "किलोमागे इतके लिटर" हा एकच आकडा फळ्यावर लिहून मोकळे होऊ नका, तो फसवतो. १२ आठवड्यांचं उत्पादन टनांत आडव्या अक्षावर घ्या, त्याच आठवड्यांचं पाणी घनमीटरमध्ये उभ्या अक्षावर घ्या आणि ठिपक्यांमधून रेघ मारा. समजा रेघ सांगते की आठवड्याला ६०० घनमीटर ठरलेले आणि वर टनामागे ३ घनमीटर. मग २०० टनांच्या आठवड्यात १२०० घनमीटर, म्हणजे किलोला ६ लिटर. १०० टनांच्या आठवड्यात ९००, म्हणजे किलोला ९. कारखान्यात काहीही बदललेलं नसताना आकडा दीडपट बिघडला. हंगामात शाबासकी आणि मंदीत झाडाझडती, दोन्ही अस्थानी.

खरी शिकार त्या ६०० ची. आठवड्याचे १६८ तास धरले तर ते मिनिटाला जवळजवळ ६० लिटर होतात, आणि त्याचा माल बनण्याशी संबंध नाही. सगळेच काही वाया जात नसतात. रोजची ठरलेली धुलाई त्यातच येते. पण सुट्टीच्या दिवशी लाईन बंद झाल्यावर मुख्य मीटर वाचा, चार तासांनी पुन्हा वाचा. काटा हलत असेल तर एकेक विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत जा. कोणत्या व्हॉल्व्हला काटा मंदावतो ते लिहून ठेवा. या कामाला एक माणूस आणि एक वही लागते, बाकी काही नाही.

सबमीटर लावायचे तर आधी या पाच जागी: सीआयपीची भरणी, बॉयलरची भरणी, कूलिंग टॉवरची भरणी, फरशी धुण्याची लाईन, आणि प्रत्यक्ष मालात जाणारं पाणी. दोन चुका नेहमी होतात. बाहेरून पट्ट्याने बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर एल्बोला (पाइपच्या वळणाला) खेटून लावतात. त्याला आधी पाइपच्या व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट सरळ लांबी हवी आणि पाइप पूर्ण भरलेला हवा. दुसरी चूक म्हणजे कंडेन्सेटवर (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यावर) किंवा आरओच्या गोड पाण्यावर इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर. त्याला साधारण ५ मायक्रोसीमेन्सच्या वर कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता) लागते. त्याहून शुद्ध पाण्यात तो उगाच काहीतरी दाखवतो आणि लोक महिनाभर त्यावर चर्चा करतात.

चौथा_पंप

पाणीमापकांच्या मोजणीत एक भर. टाक्यांचे ओव्हरफ्लो थेट गटाराच्या पाइपला जोडलेले असतील तर ते तोडून उघड्या फनेलवर आणा. फ्लोट व्हॉल्व्ह अडकून टाकी तीन महिने भरून वाहत असली तरी बंद पाइपमुळे कुणाला दिसत नाही. दिसायला लागलं की तासाभरात दुरुस्त होतं.

होजवाला

फरशीच्या लाईनवर बादली ठेवा. २० लिटरची बादली २४ सेकंदांत भरली तर मिनिटाला ५० लिटर. नोझल नसलेला होज (धुण्याची रबरी नळी) दिवसात एकूण दोन तास नुसता जमिनीवर पडून वाहिला तर ६००० लिटर गेले. सोडल्यावर आपोआप बंद होणारी ट्रिगर गन लावा.

आता गन का टिकत नाही ते. लोक दांडा तारेने बांधून ठेवतात, कारण गन जड असते किंवा प्रवाह कमी पडतो. तार दिसली की माणसाला ओरडू नका, गन बदला. रबरी आवरण असलेली, गरम पाणी सोसणारी घ्या आणि होज जमिनीवर लोळणार नाही असा हूक किंवा रील द्या. नोझलही झिजतं, पितळेचं स्टीलच्या आधी. नव्या नोझलचा प्रवाह नोंदवून ठेवा. १० टक्के वाढला की बदली.

लाईनचा दाबही बघा. त्याच नोझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ६ बारचे ३ केलेत तर पाणी निम्मं होत नाही, सुमारे ३० टक्के कमी होतं.

आणि मुळात होजच्या आधी फावडं आणि वायपर. फरशीवर पडलेला गर पाण्याच्या जोराने गटाराकडे हाकलणं म्हणजे पाण्याला झाडू करणं. गटारावर जाळीची बादली हवी, आणि ती धुलाईनंतर रिकामी करायची. आधी काढून ठेवायची नाही! (जाळी तुंबते म्हणून काढून ठेवलेली बादली भिंतीशी उभी असते, हे दृश्य सगळ्यांच्या परिचयाचं असेल.)

कॉस्टिक_काका

गाळणीताई, सीआयपीवर सविस्तर लिहितो. बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठी कात्री इथेच चालते.

आधी एक पथ्य. पाणी वाचवायला प्रवाह कमी करू नका. पाइपमध्ये वेग सेकंदाला १.५ मीटरच्या खाली गेला की घासण्याचा जोर जातो आणि मग रसायन, वेळ, तापमान सगळं वाढवावं लागतं. ४८ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपला हा वेग गाठायला तासाला सुमारे १० घनमीटर लागतात. हे असंच ठेवायचं. कापायची ती मिनिटं.

१० घनमीटर तासाला म्हणजे मिनिटाला १६७ लिटर. शेवटची धुवणी टायमरवर ८ मिनिटं लावलेली असेल आणि प्रत्यक्षात ५ मिनिटांत काम होत असेल तर दर सीआयपीला ५०० लिटर निव्वळ गटारात. दिवसाला १२ सीआयपी असतील तर ६ घनमीटर. टायमर इतका लांब का असतो? प्लँट सुरू करताना सगळ्यात लांब सर्किटला पुरेल असा लावतात आणि तोच सगळ्या सर्किटांना चिकटवतात. पुढे दर तक्रारीला एक मिनिट वाढतं. कमी करायला कुणी जात नाही.

कमी करायची कृती अशी. परतीच्या लाईनवरची कंडक्टिव्हिटी दर १० सेकंदांनी नोंदवा, निदान तीन सीआयपींची. शेवटच्या धुवणीत ती ज्या क्षणी येणाऱ्या पाण्याच्या जवळ येते, समजा २० ते ३० मायक्रोसीमेन्सच्या फरकावर, तो क्षण पकडा. त्यावर ३० सेकंद वाढवा. पायरी संपवायचा हुकूम कंडक्टिव्हिटीला द्या आणि टायमर वरची मर्यादा म्हणून ठेवा. ती ओलांडली की अलार्म. प्रत्येक सर्किटला वेगळा आकडा.

यात फसतं कुठे? सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला बसवला तर हवेत राहतो. टी-जोडाच्या बंद टोकाच्या फांदीत बसवला तर जुनंच पाणी वाचत बसतो. तापमानाची भरपाई बंद असेल तर गरम पाणी खारट दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कंडक्टिव्हिटीला कॉस्टिक सोडा आणि आम्ल ही धुण्याची रसायनं दिसतात, साखर आणि स्निग्ध दिसत नाही. म्हणून पहिल्या धुवणीचा शेवट तिच्यावर ठरवू नका, तिथे टर्बिडिटी (गढूळपणा) मीटर लागतो. तो नसेल तर पाइपवरच्या काचेतून बघून प्रत्येक मालासाठी वेळ ठरवा.

टाक्यांसाठी तुकड्यातुकड्याने फवारा. स्थिर स्प्रे बॉलला उभ्या टाकीच्या परिघाच्या मीटरमागे मिनिटाला ३० लिटरच्या आसपास लागतात. २ मीटर व्यासाच्या टाकीला साधारण १९०. सलग ५ मिनिटं म्हणजे ९५० लिटर. त्याऐवजी ३० सेकंदांचे चार फवारे, मध्ये ३० ते ४० सेकंद निचरा, म्हणजे ३८० लिटर. भिंतीवरून घाण उतरते ती उतरणाऱ्या पातळ थराबरोबर, साचलेल्या पाण्याने नाही. पण परतीचा पंप टाकी पूर्ण उपसू शकत नसेल तर तळाला डबकं राहतं आणि त्याच्या काठाने घाणीचं कडं बसतं. आधी पंप आणि तळाचा उतार बघा, मग फवारे तोडा.

शेवटच्या धुवणीचं पाणी एका टाकीत धरून पुढच्या सीआयपीच्या पहिल्या धुवणीला वापरायचं, हे जुनंच आहे. नवीन काही असेल तर परतीचा व्हॉल्व्ह एका टाकीकडून दुसरीकडे वळतो त्या क्षणाकडे लक्ष देणं. कॉस्टिकची टाकी दर सीआयपीनंतर भरत चालली आणि ताकद उतरत चालली तर धुवणीचं पाणी तिच्यात शिरतंय. पातळी उतरत चालली तर कॉस्टिक गटारात जातंय. रोजच्या पातळीची वही हे सांगते, त्यासाठी सल्लागार नको.

गाळणी

काका, पाइपमधला माल आधी बाहेर काढण्याबद्दल? त्याशिवाय पहिली धुवणी कमी होईल असं वाटत नाही.

कॉस्टिक_काका

बरोबर, ते राहिलंच. ४८ मिमीच्या १०० मीटर पाइपात १८० लिटर माल असतो. तो पाण्याने ढकलला तर पुढचा काही भाग पाणचट होतो, तो गटारात जातो आणि ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) भार टाकतो. रसासारखा पातळ माल उताराने आणि निर्जंतुक गाळलेल्या हवेने बऱ्यापैकी निघतो. दाट मालात हवा मधूनच बोगदा करून निघून जाते आणि भिंतीवरचा थर तसाच राहतो. तिथे पिग हवा, म्हणजे पाइपात चपखल बसणारा रबरी गोळा. पण पिग जायचा तर वाटेत बटरफ्लाय व्हॉल्व्ह चालत नाही, तबकडी आडवी येते. पूर्ण तोंडाचे व्हॉल्व्ह, सगळीकडे एकच व्यास, वळणं व्यासाच्या निदान दीडपट त्रिज्येची, आणि आत घुसलेली तापमानाची नळी नाही. जुन्या लाईनला हे सगळं एकदम जमत नाही. सगळ्यात दाट मालाची एकच लांब लाईन निवडा.

सूक्ष्मदर्शक

वरचं सगळं मान्य, पण काकांनी धरून ठेवलेल्या पाण्याचा विषय एका ओळीत उडवला. त्या टाकीत कोमट, किंचित सेंद्रिय अंश असलेलं पाणी रात्रभर उभं राहिलं की सकाळी तिच्यात जंतूंची वसाहत असते. मुक्काम काही तासांचाच ठेवा, शिफ्टच्या शेवटी टाकी रिकामी करा आणि ती टाकी स्वतः सीआयपीच्या वेळापत्रकात घाला. ती नेमकी राहून जाते, कारण ती "पाण्याची टाकी" असते.

ॲलर्जनचं (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांचं) वेगळं. दूध, शेंगदाणा, सोया, गहू असलेल्या मालानंतरची धुवणी धरून ठेवलीत आणि पुढे ॲलर्जन नसलेल्या लाईनला पहिली धुवणी म्हणून दिलीत, तर पुढच्या पायऱ्या ते काढतीलही, पण तुमच्या प्रमाणीकरणात (धुलाई पुरते हे चाचण्यांनी सिद्ध करताना) ही वाट धरलेली होती का? नसेल तर अशा मालानंतरचं पाणी सरळ सोडून द्या. आणि कोणतीही वेळ कापली की प्रमाणीकरण नव्याने: स्वॅब, शेवटच्या धुवणीच्या पाण्याची तपासणी, सगळ्यात वाईट जागा. सगळ्यात चांगल्या दिसणाऱ्या जागेचा स्वॅब घेऊन काही सिद्ध होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने) २०२३ साली अन्न उत्पादनातल्या पाण्याचा वापर आणि पुनर्वापर यावर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा गाभा असा की पाणी ज्या कामाला लागतं त्या कामापुरतं योग्य हवं आणि ते धोक्याच्या विश्लेषणातून ठरवायचं. "पिण्याजोगं" आणि "टाकाऊ" असे दोनच कप्पे करून चालत नाही. व्यवहारात माझी रेघ अशी: मालात जाणारं, मालाला किंवा मालाच्या पृष्ठभागाला शेवटचं लागणारं, आणि त्यापासून बनणारी वाफ किंवा बर्फ, इथे पिण्याच्या दर्जाच्या खाली काही नाही. संडासातून आलेलं पाणी प्रक्रियेच्या सांडपाण्यात मिसळू देऊ नका. एकदा मिसळलं की पुढचे सगळे पर्याय अवघड.

चौथा_पंप

सीआयपीच्या गडबडीत पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या सीलचं पाणी विसरू नका. दुहेरी मेकॅनिकल सीलला पाणी सोडून ठेवलेलं असतं, पंप चालू असो वा बंद. ५ लिटर मिनिटाला असे १० पंप म्हणजे दिवसाला ७२ घनमीटर. पंपाच्या स्टार्टरशी जोडलेला सोलेनॉइड (विजेवर उघडमिट होणारा व्हॉल्व्ह) आणि प्रत्येक सीलला प्रवाह दाखवणारा रोटामीटर लावा. गरम किंवा चिकट मालाला पंप थांबल्यावर दोन मिनिटं पाणी चालू राहील असा उशीर ठेवा, नाहीतर सीलच्या तोंडावर माल वाळतो आणि पाण्यात वाचवलेलं सीलमध्ये जातं. होमोजनायझरच्या पिस्टनवरच्या पाण्यालाही हाच न्याय.

लिक्विड रिंग व्हॅक्यूम पंपाचं (पाण्याच्या फिरत्या कड्याने निर्वात करणाऱ्या पंपाचं) पाणी एकदा वापरून सोडतात, ते कूलरमधून फिरवता येतं. मर्यादा पाण्याच्या बाष्पदाबाची: १५ अंशाला १७ मिलिबार, ३० ला ४२, ४० ला ७४. पाणी गरम झालं की पंप कितीही नवा असो, निर्वात उतरतं. इव्हॅपोरेटरवर (माल आटवणाऱ्या यंत्रावर) निर्वात बिघडलं म्हणून ऑपरेटर ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, आणि तो पुन्हा कुणी बंद करत नाही. कूलर आधी साफ करा.

शून्य_विसर्ग

सगळं ठीक आहे, पण हे सुटेसुटे उपाय करत बसण्यापेक्षा ईटीपीच्या शेवटी अल्ट्राफिल्ट्रेशन आणि आरओ बसवला तर एका फटक्यात निम्म्याहून जास्त पाणी परत मिळतं. मग होज किती वेळ वाहिला याने काय फरक पडतो?

पाणीमापक

फरक पडतो. आरओचा आकार आजच्या प्रवाहावर ठरतो. आधी ५०० घनमीटरवर प्लँट उभा केला आणि नंतर होज, सील, टायमर सुधारून प्रवाह ३०० वर आला तर तुमच्याकडे गरजेपेक्षा मोठा, अर्धवट चालणारा मेम्ब्रेन प्लँट उरतो, आणि उभे राहिलेले मेम्ब्रेन जैविक थराने बुजतात. शिवाय आरओ एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी खारट रिजेक्ट म्हणून मागे टाकतो, त्याचं काय करायचं हा नवा प्रश्न. पॉलिअमाइड मेम्ब्रेनला मुक्त क्लोरीन चालत नाही, म्हणजे आधी क्लोरीन मारायला मेटाबायसल्फाइट आणि नंतर साठवणीत पुन्हा जंतूंची काळजी. पुनर्वापराला विरोध नाही. तो शेवटी यावा इतकंच.

गाळचिखल

ईटीपीकडून दोन शब्द, कारण पाणी कमी झालं की बोंब आमच्याकडे येते. ५०० घनमीटर आणि सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला २००० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला १००० किलो. पाणी ३०० वर आणलं आणि माल तितकाच गटारात गेला तर भार तोच १००० किलो, पण सीओडी ३३०० च्या पुढे. एअरेशन (हवा देण्याची यंत्रणा) किलोवर ठरलेलं असतं, ते सोसतं. त्रास होतो तो दुसरीकडे. २५० घनमीटरच्या समीकरण टाकीत (येणारं कमीजास्त सांडपाणी एकसारखं करणाऱ्या टाकीत) पाण्याचा मुक्काम १२ तासांवरून २० वर जातो, आत आंबायला लागतं, पीएच घसरतो, वास सुटतो. क्षारांचंही तसंच, कॉस्टिकमधलं सोडियम तितकंच राहिलं आणि पाणी आटलं की टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांची) मर्यादा ओलांडते. म्हणून होजवाल्यांचं फावडं आणि काकांचा पिग आधी, पाण्याची कात्री नंतर. आणि कापणार असाल तर ईटीपीला आठवडाभर आधी सांगा हो!

वाफेची_शिट्टी

युटिलिटीचा, म्हणजे बॉयलर आणि कूलिंग टॉवरचा हिशोब. बॉयलर तासाला ५ टन वाफ देतो, भरणीच्या पाण्याचा टीडीएस २००, बॉयलरमध्ये ३५०० पर्यंत चालतो. ब्लोडाऊन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वाफेच्या २०० भागिले ३३००, म्हणजे ६ टक्के. फीडपैकी (भरणीच्या पाण्यापैकी) निम्मं कंडेन्सेट परत आणलं तर फीडचा टीडीएस १०० होतो आणि ब्लोडाऊन ३ टक्क्यांच्या खाली. ताजं पाणी तासाला ५.३ घनमीटरवरून २.६ वर येतं, इंधन वाचतं ते वेगळं.

कंडेन्सेट सोडून देण्याचं कारण बहुतेक वेळा भीती असते: हीट एक्स्चेंजरला भोक पडलं तर माल बॉयलरमध्ये. भीती खरी आहे. कंडक्टिव्हिटी मीटर आणि गटाराकडे वळवणारा व्हॉल्व्ह बसवा. पण काका म्हणाले तसं, साखर त्याला दिसत नाही. गढूळ माल असेल तर टर्बिडिटी, विरघळलेल्या साखरेला मात्र साखर कारखान्यांत करतात तशी अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी दर शिफ्टला. बॉयलर अचानक फेसाळला तर आधी कंडेन्सेट तोडा, मग कारण शोधा.

कूलिंग टॉवर: बाष्पीभवन घनमीटरमध्ये धरायचं तर फिरणारं पाणी गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.००१५. १०० घनमीटर तासाला आणि ५ अंश म्हणजे पाऊण घनमीटर. क्षारांची पटी (फिरणारं पाणी भरणीच्या किती पट खारट) ३ असेल तर भरणी बाष्पीभवनाच्या १.५ पट, ६ असेल तर १.२ पट, १० ला १.११. तिनावरून सहावर जाण्यात भरणीचे २० टक्के वाचतात, सहावरून दहावर फारसं काही नाही, उलट सिलिका आणि स्केलची जोखीम. हाताने ब्लोडाऊन बंद करा, कंडक्टिव्हिटीवर चालणारा व्हॉल्व्ह लावा. आणि पंप थांबताना टॉवरखाली उभे राहून बघा: परतीच्या पाइपातलं पाणी खाली येतं आणि फ्लोट उंच लावलेला असेल तर सगळं ओव्हरफ्लोतून जातं. दर बंद-चालूला तेच. फ्लोट खाली घ्या.

सॉफ्टनरचं (पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं) रिजनरेशन, म्हणजे मिठाने धुऊन क्षमता परत आणणं, घड्याळावर असेल तर मीटरवर आणा. उरलेली क्षमता फेकून देण्यात अर्थ नाही.

गाळणी

कच्चा माल धुण्यावर कुणी लिहिलं नाही अजून.

होजवाला

तीन टाक्यांना प्रत्येकी तासाला २ घनमीटर ताजं पाणी देण्याऐवजी फक्त शेवटच्या फवाऱ्याला २ द्या आणि ओव्हरफ्लो मागे मागे न्या. ६ चे २ झाले. मध्ये जाळी हवी, नाहीतर पानं आणि माती पंपात.

सूक्ष्मदर्शक

आणि जंतुनाशक हवं, नाहीतर एका घाणेरड्या क्रेटमुळे सगळा माल दूषित. क्लोरीन वापरत असाल तर पीएच ६.५ ते ७.५ मध्ये, त्यावर हायपोक्लोरस (क्लोरीनचं जंतू मारणारं रूप) कमी होतं. सेंद्रिय अंश क्लोरीन खातो, म्हणून डोस टाकला म्हणजे शिल्लक आहे असं नाही, मुक्त क्लोरीन मोजा. टोमॅटोसारख्या फळाला पहिल्या टाकीचं पाणी गरापेक्षा सुमारे ५ अंश गरम ठेवा. थंड पाण्यात गरम फळ टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. मग वरून कितीही धुवा.

रिटॉर्टच्या (बंद डबे दाबाखाली तापवून निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) थंड पाण्याचंही कारण याच जातीचं. डबा थंड होताना आत निर्वात तयार होतं आणि शिवण अजून पूर्ण आवळलेली नसते. सूक्ष्म थेंब आत जाऊ शकतो. ते पाणी टॉवरवरून फिरवून पुन्हा वापरायला हरकत नाही, पण क्लोरीन देऊन निदान २० मिनिटं संपर्क हवा आणि बाहेर पडतानाही मुक्त क्लोरीन मोजता आलं पाहिजे.

शून्य_विसर्ग

मान्य, क्रम चुकीचा होता माझा. एक प्रश्न मात्र उरतो. परत वापरायचं पाणी फरशीच्या लाईनला दिलं तर पिण्याच्या लाईनशी गल्लत होऊ नये म्हणून व्हॉल्व्ह आणि नॉन-रिटर्न (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पुरेल का?

चौथा_पंप

नाही. नॉन-रिटर्नच्या सीटवर एक कण अडकला की तो फक्त नावाला उरतो. पिण्याच्या पाण्याची भरणी लागणारच असेल तर टाकीच्या वरून, हवेच्या अंतराने पडू द्या: नळाच्या तोंडापासून टाकीच्या ओसंडणाऱ्या काठापर्यंत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान २५ मिमी. पाइपचा रंग वेगळा, होजच्या जोडणीचा आकारही वेगळा, म्हणजे घाईत चुकीचा होज बसणारच नाही.

गाळणी

सुट्टीच्या दिवशी मीटर वाचायचा तक्ता आणि सर्किटवार कंडक्टिव्हिटीचा नमुना वेगळ्या प्रतिसादात टाकते. कुणाकडे बॉटल वॉशरचे आकडे असतील तर त्याखाली जोडा.